घासाघीस

पडद्याची दांडी नऊ इंच जास्त होती. पुढे जे काही झालं, म्हणजे माझी कंबर, खालच्या मजल्यावरच्यांशी आलेला दुरावा आणि गावाकडून आलेली अर्धा किलो चिंच, त्या सगळ्याच्या मुळाशी हे नऊ इंच आहेत.

घर बदललं तेव्हा बायकोनं बजावलं होतं, "दांड्या तिथंच राहू देत. नव्या खिडक्या, नवी मापं." पण चकचकीत स्टीलची दांडी सोडून येणं माझ्या रक्तात नाही. मी लेखापरीक्षक आहे. सत्तावीस वर्षं पतसंस्थांच्या वह्या तपासतोय. पंचेचाळीस रुपयांच्या चहाची पावती सापडली नाही तर ज्याचा दिवस वाया जातो, तो माणूस धडधाकट दांडी टाकून कसा देईल? "नऊ इंच कापतो की," मी म्हणालो, "त्यात काय एवढं?"

करवत घरात होती. दांडी धरायला मात्र काही नव्हतं. स्टुलावर ठेवून पायानं दाबली, तर ती पोळपाटावरच्या लाटण्यासारखी फिरायला लागली. मुलीला धरायला लावली. "बाबा, माझ्या दातांना कसंतरी होतंय," म्हणून ती दोन मिनिटांत पळाली. शेवटी बायकोनं धरली. तिसऱ्याच फटक्याला पातं सटकलं आणि माझ्या डाव्या अंगठ्यावरून गेलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन रिक्षानं परत येताना मला साक्षात्कार झाला. माझ्यात काही कमी नव्हतं. घरात व्हाइस नव्हता.

व्हाइस म्हणजे दोन बिडाच्या जबड्यांत वस्तू आवळून धरणारं ते अवजार. कारखान्यात कानस मारायची, करवत चालवायची, आटे पाडायचे, तर आधी वस्तू त्याच्या तोंडात द्यायची. शब्दकोशात त्याला 'शेगडा' असा झकास मराठी शब्द आहे. मी घरात तोच रुजवायचं ठरवलं.

"आपण एक शेगडा घेऊ या."

"गॅस असताना?" बायको म्हणाली.

शेगडीचा नवरा तो शेगडा, अशी तिची समजूत झाली होती. मी निमूटपणे 'व्हाइस'वर आलो. तेही फारसं उपयोगी पडलं नाही, कारण आमच्या सोसायटीत व्हाइस म्हटलं की व्हाइस चेअरमन डोळ्यांसमोर येतात, आणि त्यांचा नेमका उपयोग काय हे अजून कुणाला कळलेलं नाही.

बोहरी आळीत जाऊन भाव काढला. चांगला, चार इंची, नवा व्हाइस २८०० रुपये. चार इंच म्हणजे जबड्याची रुंदी, हे मला तिथंच कळलं. दुकानदारानं तो काउंटरवर ठेवला, दांडा फिरवून दाखवला आणि कोऱ्या चेहऱ्यानं "फिक्स रेट" असं म्हणाला. 'फिक्स रेट' हे दोन शब्द ऐकले की माझा रक्तदाब वाढतो. जिथं भाव कमी होत नाही तिथं खरेदी कसली? ती नुसती वसुली. मी "बघतो" म्हणून बाहेर पडलो.

मग मी अभ्यासाला लागलो. अडाणी माणसाचं थोडक्यात निभावतं. अभ्यासू माणसाचं नुकसान पद्धतशीर होतं. आठवडाभर वाचून मी एवढं जाणून घेतलं की जगातले नावाजलेले जुने व्हाइस विलायतेचे. शेफील्डचा 'रेकॉर्ड' निळ्या रंगाचा. यॉर्कशायरमधल्या शिप्लीचा पार्किन्सन तर एक खटका दाबला की आटे सोडून देतो, जबडा ड्रॉवरसारखा सरकन पुढे येतो. तीन-तीन पिढ्या वापरले तरी दणकट. आता पुढचा तर्क बघा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. इंग्रजांनी तिथं विलायती व्हाइस आणलेच असणार. इंग्रज गेले. व्हाइस एवढे जड की ते बरोबर नेले नसणार. मग ते गेले कुठं? जुन्या बाजारात! लेखापरीक्षणात अशा तर्काला मी लाल शाईनं 'पुराव्याअभावी अमान्य' असा शेरा मारतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. औंधच्या आयटीआयमधून फिटर झालेले आणि भोसरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. मुलं त्यांना फिटरकाका म्हणतात. त्यांना माझा बेत सांगितला, तर ते मन लावून ऐकत राहिले आणि म्हणाले, "जुना घे, हरकत नाही. पण चार गोष्टी बघ." मी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतल्या.

"एक, वाजव. माठ घेताना बोटानं टिचकी मारतोस ना, तसं. धड बीड टणटणीत वाजतं. तडा गेलेलं बद्द वाजतं. दोन, पूर्ण उघड आणि पुढचा जबडा धरून वर-खाली हलव. खुळखुळला तर आत झीज आहे. तीन, कागदाचा कपटा जबड्याच्या एका टोकाला आवळ आणि ओढून बघ, मग दुसऱ्या टोकाला. एकीकडे घट्ट आणि दुसरीकडे सैल लागला तर जबडे समांतर नाहीत. आणि चार, दांडा बघ. वाकलेला असला तर हातसुद्धा लावू नकोस."

"वाकलेला असला तर काय होतं?"

"कुणीतरी त्यावर पाईप घालून जोर लावलाय, एवढं कळतं. दांड्याची लांबी हाताच्या ताकदीपुरतीच ठेवलेली असते. ती वाढवायची नसते." मग चष्मा पुसत म्हणाले, "मी येऊ का बरोबर?"

"छे छे काका, उन्हातान्हात तुम्ही कशाला? पारख आहे मला."

हे वाक्य पुढे बरेच दिवस माझ्या कानांत वाजत होतं. बद्द.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत भरतो, पण मंगळवारी नाही. तो बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही. रविवारी सकाळी साडेनऊला मी हजर झालो. ताडपत्र्यांवर संसार मांडलेले. चकत्या नसलेले नळ, नळ नसलेल्या चकत्या, टाइपरायटर, पितळी समया, एकाच पायाचे बूट आणि कुठल्या टीव्हीचे ते टीव्हीलाही आठवणार नाहीत असे रिमोट. एका हिंदी बोलणाऱ्या पोराला विचारलं, तर "बांक चाहिये? उधर है," म्हणाला. मी म्हटलं, "मला बसायचं नाहीये." बांक म्हणजेच व्हाइस, हे कळायला आणखी दोन ताडपत्र्या गेल्या.

आणि तिथं तो होता. पोत्यावर बसलेला, निळाभोर, पाच इंची. निळा! माझ्या छातीत शेफील्डच्या भट्ट्या धडधडायला लागल्या. जवळून गेल्यासारखं करत मी तिरक्या नजरेनं बघितलं. जाड रंगाखाली अंगावर उठावाची अक्षरं होती. मागची-पुढची बुजलेली, पण मधली स्पष्ट. एल, ए, एन, डी. लँड! या चार अक्षरांनी संपणारा देश कुठला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आता घासाघिशीचं एक शास्त्र आहे. त्याचा पहिला नियम असा, की जी वस्तू हवी आहे तिच्याकडे बघायचं नाही. बघितलं की भाव चढतो. मी खाली बसलो आणि एका जळक्या मिक्सरची आस्थेनं विचारपूस केली. मग एका नळाची. मग सहज, उठता उठता, "आणि हे धूड केवढ्याला, मामा?"

"चोवीसशे."

मी हसलो. हसणं हा दुसरा नियम. "सहाशे."

"साहेब, भवानीची वेळ आहे. सहाशेला याचा स्क्रू येत नाही."

"मग स्क्रू ठेवा तुम्ही, बाकीचं द्या."

आजूबाजूचे दोघं हसले. मला स्फुरण चढलं. मामांनी दोन हजार केले. मी सातशे. मामा अठराशे. मी उठून चालायला लागलो, हा तिसरा नियम. अकरा पावलं झाली तरी हाक आली नाही, म्हणून बुटाची नाडी बांधायला थांबलो. तेव्हा हाक आली, "पंधराशे!" मी परत. असं करत करत पाऊण तासानं अकराशेवर सौदा तुटला. मामांनी कपाळावर हात मारला. "तुमच्यासारखं पारखी गिऱ्हाईक दिवसाला दोन आले तर मी उपाशी मरेन," म्हणाले, आणि वर एक गंजकी पक्कड फुकट दिली. वस्तू विकल्यावर दुकानदार दुःखी व्हायला लागला, की गिऱ्हाइकानं आनंदात असू नये. हे मला नंतर सुचलं.

काकांच्या चार परीक्षा मी विसरलो नव्हतो, असं म्हणणं अर्धं खरं आहे. खिशातलं पाचाचं नाणं काढून मी तो वाजवला. बद्द. 'पोत्यावर ठेवलाय, आवाज पोत्यात मुरणारच,' मी मनाशी म्हणालो, 'शिवाय विलायती माल, गंभीर प्रकृतीचा.' पूर्ण उघडून बघणार होतो, पण मामा म्हणाले, "ग्रीस भरलंय साहेब, शर्ट खराब होईल," आणि मला त्यांचा जिव्हाळा स्पर्शून गेला. कागदाचा कपटा म्हणून माझ्याजवळ ती लग्नपत्रिकाच होती. ती ग्रीसमध्ये घातली असती तर चौथी परीक्षा वाचता आली नसती. चौथी परीक्षा दांड्याची. दांडा सरळ होता. नुसता सरळ कसला, नवाकोरा होता. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या तोंडात एकच पांढराशुभ्र दात चमकावा तसा. पतसंस्थेच्या जुन्या वहीत एखादंच पान नव्या कागदाचं दिसलं, तर मी मॅनेजरला खुर्चीतून उभं करतो. इथं मी म्हणालो, "वा! दांडापण बदललाय."

पाऊण तास मी त्या व्हाइसच्या शेजारी बसलो होतो आणि पाऊण तास त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. पहिला नियम मी इतका काटेकोर पाळला होता.

बीड दिसतं त्यापेक्षा जड असतं. सोळा किलो. भाजीच्या कापडी पिशवीनं पन्नास पावलं साथ दिली आणि बंद सोडले. मग पोटाशी धरून, तान्ह्या पोराला न्यावं तसा रिक्षापर्यंत नेला. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "मूर्ती आहे का?" मी नुसता हसलो. त्यानं खड्डे चुकवत, अत्यंत भक्तिभावानं रिक्षा चालवली. सोसायटीची लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा व्हाइस सरळ होता आणि मी वाकलेलो होतो.

"किती?" बायकोनं विचारलं.

"चोवीसशेचा अकराशेला पाडला."

"मी वजन विचारतेय."

इथून घासाघिशीचा दुसरा अध्याय सुरू झाला. बाजारातली तोंडानं करायची होती, ही हातानं. डिझेल आणून ग्रीस उतरवलं. तारेच्या ब्रशनं गंज खरवडला. आटे मोकळे होईनात. चिंचेच्या कोळानं देवाची भांडी लख्ख निघतात हे लहानपणापासून बघितलेलं. पितळेला चालतं ते बिडाला का चालू नये? बादलीत व्हाइस ठेवला आणि डब्यातली होती नव्हती ती सगळी चिंच कोळून ओतली. बायको संध्याकाळी आमटीसाठी डबा उघडायला गेली, तो रिकामा. बाथरूममध्ये येऊन तिनं बादलीत डोकावून बघितलं.

मी घाईघाईनं म्हणालो, "बिडाला कमी लेखू नकोस. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली ती कशावर? बिडाच्या नांगरावर!"

"त्यांनी नांगर केला," ती म्हणाली. "तुम्हाला पडदा लावायचाय."

रात्रभर भिजल्यावर सकाळी निळा रंग साबुदाण्याच्या पापडासारखा फुगला होता. ब्रश फिरवताच पापुद्रे निघाले. आधी मागची अक्षरं उघडी पडली. ईएनजी असायला हवी होती. निघालं जे आणि ए. मला वाटलं, चिंचेचा परिणाम. मग पुढची बुजलेली जागा खरवडली. एच, ए, आर. मी बाथरूममधल्या पाटावर बसून ते सलग वाचलं. जे-ए-एल-ए-एन-डी-एच-ए-आर.

जालंधर.

इंग्लंडमधलं लँड जालंधरमध्येही आहे, हे भूगोलाच्या कुठल्याच पुस्तकानं मला सांगितलं नव्हतं. विलायतेला जाऊन आलो असं गावभर सांगावं आणि पासपोर्टवर शिक्काच नसावा, तसं झालं. काकांना सांगायला गेलो तर ते उलट खूश झाले. "अरे, जालंधरच्या मालाला काय झालं? हत्यारांचं गावच आहे ते. मी चौतीस वर्षं त्यांच्याच व्हाइसवर उभा होतो." मग थांबून म्हणाले, "बाकी, वाजवला होतास ना?"

"वाजवला होता," मी म्हणालो. पुढचं बोललो नाही.

पुढचं म्हणजे आदल्या तासाभरात दिसलेलं. पुढच्या जबड्याच्या मानेपाशी रंगाबरोबर पांढऱ्या पुट्टीचा एक लपका गळून पडला होता, आणि त्याखाली केसाएवढी एक काळी रेघ होती. साच्याची रेघ असेल, असं मी ठरवून टाकलं. साच्याचे दोन भाग जुळतात तिथं ओतकामावर रेघ राहते, हे माझ्या अभ्यासात आलं होतं. ती सरळ असते आणि ही पावसाळ्यातल्या ओढ्यासारखी वाकडीतिकडी होती, एवढ्या तपशिलात मी शिरलो नाही. अकराशे रुपयांत मिळालेल्या वस्तूला तडा असू शकत नाही. असलाच तर मग पाऊण तास मी केलं काय?

वडिलांचं सागवानी टेबल गॅलरीत नेलं, भोकं पाडली आणि व्हाइस मध्यभागी, देव्हाऱ्यात गणपती बसवावा तसा बसवला. काकांनी तो बघून डोळे मिटले. व्हाइसचा मागचा, न हलणारा जबडा टेबलाच्या कडेपेक्षा जरासा बाहेर यायला हवा. म्हणजे लांब वस्तू उभी धरली तर ती सरळ जमिनीपर्यंत जाते. माझ्या मांडणीत ती थेट टेबलावर आपटत होती. उंचीचंही माप असतं. व्हाइसशेजारी उभं राहून हात दुमडला, की कोपर जबड्याच्या माथ्याला लागलं पाहिजे. माझ्या बाबतीत तिथं गुडघा लागत होता, असं काका म्हणाले. ती अतिशयोक्ती आहे. मांडी लागत होती. ते शनिवारी येऊन नीट बसवून देणार होते. म्हणाले, "तोवर हात लावू नकोस."

दिवस गुरुवार होता. बायको ऑफिसला, मुलगी कॉलेजला गेलेली. दांडी कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

मी ती आडवी जबड्यात धरली आणि आवळली. फिरली. आणखी आवळली. एका बाजूनं घट्ट, दुसऱ्या बाजूनं सैल. कागदाच्या कपट्याची परीक्षा अशी दांडीनं दिली. आणखी आवळली, तर दांडी आवळायच्या ऐवजी चपटी व्हायला लागली. पडद्याची दांडी आतून पोकळ असते, आणि पोकळ वस्तू धरायची तर खाच पाडलेले लाकडाचे ठोकळे लावून धरतात, ही अक्कल मला शुक्रवारी आली. गुरुवारी मात्र मी पेटलो होतो. दांडा हातानं फिरेना. घरात नळकाम झालं तेव्हा उरलेला दोन फुटी लोखंडी पाईप होता. (तोही मी टाकला नव्हता.) तो दांड्यावर चढवला. काय सुंदर बसला! दोन बोटांनी जोर लागत होता. मी पूर्ण हात लावला.

टक्.

बीड वाकत नाही. पोलाद आधी वाकून सूचना देतं, बीड थेट निकाल देतं. पुढचा जबडा मानेतून सुटला आणि फरशीवर पडला. फरशी गेली. खालच्या मजल्यावर आजी राहतात. त्यांनी १९६७चा कोयनेचा भूकंप अंगावर काढलेला. त्या आधी जिन्यात आणि मग आमच्या दारात आल्या. "पुन्हा धक्का बसणार आहे का?" त्यांनी विचारलं. "नाही आजी," मी म्हणालो, "बायको साडेसहाला येते."

आवाजानं काकाही आले. मला वाटलं रागावतील. त्यांनी तुकडा उचलला, गॅलरीच्या उजेडात धरला आणि मला जवळ बोलावलं. "हे बघ."

तुटलेल्या तोंडावर दोन रंग होते. वरचा थोडा भाग राखाडी, रवाळ, ताजा. बारीक कणीची साखर सांडल्यासारखा चमकणारा. खालचा बहुतेक सगळा तपकिरी-काळा, कडेला पुट्टीची पांढरी रेघ.

"राखाडी आहे ते तू आज तोडलंस," काका म्हणाले. "काळं आहे ते केव्हाच तुटलेलं. आत हवा, पाणी, गंज जाऊन जुनं झालंय."

मला हे लगेच समजलं. गेल्या सत्तावीस वर्षांत एवढा स्वच्छ ताळेबंद मी बघितला नव्हता. काळी ती मागील थकबाकी, राखाडी ती चालू वर्षाची, आणि त्यावर कुणीतरी पुट्टीनं पुनर्गठन करून निळा रंग दिलेला. मी हे पतसंस्थांमध्ये पावलोपावली पकडतो.

"फसवलं मला मामांनी," मी म्हणालो.

"पुट्टी त्यांनीच भरली का आधी कुणी, देव जाणे," काका म्हणाले. मग त्यांनी तो नवाकोरा दांडा आणि त्यावर अजून लटकणारा माझा पाईप यांच्याकडे बघितलं. "पण जुना दांडा बदलावा का लागला असेल? वाकला असेल म्हणून. आणि वाकला कशानं असेल?"

मी पाईपकडे बघितलं.

"म्हणजे तुझ्या आधीही हा तुझ्यासारख्याच कुणाच्यातरी हाती पडला होता."

बिडाला वेल्डिंग होतं, पण त्याचे फार लाड करावे लागतात. काका मला भोसरीच्या एका ओळखीच्या वेल्डरकडे घेऊन गेले. त्यानं तुकडे आधी शेगडीवर चांगले तापवले. (बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे लागलीच ना शेगडी?") मग निकेलच्या महागड्या कांडीनं थोडं थोडं जोडत, मध्येच हातोडीनं हलकं ठोकत काम केलं. शेवटी सगळं राखेत पुरून ठेवलं, कारण गरम बीड झटकन गार झालं तर पुन्हा तडकतं. दुसऱ्या दिवशी न्यायला बोलावलं. त्यानं सातशे रुपये सांगितले. माझ्या तोंडून सवयीनं "पाचशे" निघणार होतं. काकांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. त्या पकडीत खुळखुळ अजिबात नव्हती. मी सातशे दिले.

आता जमाखर्च. व्हाइस ११००. रिक्षा १८०. डिझेल, ब्रश आणि रंग २४०. बोल्ट-वॉशर ९०. वेल्डिंग ७००. फरशी ४५०. नवी पडद्याची दांडी ३५०. एकूण ३११० रुपये. म्हणजे 'फिक्स रेट'वाल्या नव्या व्हाइसपेक्षा ३१० जास्त. इंजेक्शनचा खर्च मागील कालावधीतला असल्यानं धरलेला नाही. चिंच घरची असल्यानं तिचं मूल्यांकन झालेलं नाही. कंबर संभाव्य देण्यांमध्ये दाखवली आहे. आणि नवी दांडी आणायला गेलो, तेव्हा दुकानातल्या पोरानं खिडकीचं माप विचारलं, दांडी पट्टीला लावली आणि माझ्यासमोर दोन मिनिटांत बरोबर कापून दिली. फुकट. "जुनी असली तरी आणायची ना काका," तो म्हणाला, "कापून दिली असती."

तरी हिशेबाची सवय जात नाही, म्हणून मी घसाराही काढून बघितला. घसारा म्हणजे तरी काय, कागदावरची झीजच. आयकराच्या नियमांत यंत्रसामग्रीला साधारणपणे वर्षाला १५ टक्के, तोही उरलेल्या किमतीवर. या पद्धतीत गंमत अशी की किंमत घटत राहते, पण शून्य कधीच होत नाही. माझ्या ३११० रुपयांचे पन्नास वर्षांनीही ९२ पैसे उरतात. कागदावर मी तोवर केव्हाच निर्लेखित झालेलो असेन. व्हाइस असेल.

तो आता कडेला, कोपराच्या उंचीवर, जबडा जरासा बाहेर काढून बसला आहे. वेल्डिंगचा वळ लपवायला मी पुट्टी आणणार होतो, काकांनी आणू दिली नाही. संध्याकाळी ते येतात आणि सोसायटीतल्या विळ्या, सुऱ्या, अडकित्ते त्यात धरून एकेकाला धार लावतात. खालच्या आजींची ढिली झालेली खवणी त्यांनी अशी बसवून दिली की आजी पुन्हा बोलायला लागल्या. माझ्याकडे बॅटरी धरायचं काम आहे. कानस ढकलताना दाबायची, मागे घेताना सैल सोडायची, एवढं परवा मला करून बघायला दिलं. तीन मिनिटं.

दोन फुटी पाईप त्याच दिवशी काकांनी काखेत मारून वर नेला. गेल्या आठवड्यात नळाच्या कामाला हवा होता म्हणून मागायला गेलो. त्यांनी दार अर्धवटच उघडलं.

"व्हाइस तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. "पाईप माझ्याकडे."

मी तिथंही थोडी घासाघीस करून बघितली. फिक्स रेट.